उमाबाईचा पाला

लातूर वेगळा जिल्हा झाला, चाकूरच्या स्टँडवर नवी पाटी लागली. पाणी मात्र टँकरचंच राहिलं. त्या टँकरच्या रेटारेटीत हंड्याच्या फुटक्या काठानं रुद्राणीचा पाय कापला. तिची आई उमाबाई साऱ्या गावाच्या जखमांवर बांधावरच्या एका वेलीचा रस पिळायची. लोक त्या वेलीला ‘उमाबाईचा पाला’ म्हणत. पण दुष्काळानं पानं करपलेली, पिळून थेंब निघेना. तिनं ती उकळली आणि काढ्यानं पाय धुतला. जखम चिघळली. दवाखाना गाठेपर्यंत पोर गेली.

“सोताच्या लेकीला गुण येईना, अन् गावाला औषध!” बायका बोलू लागल्या. मग उमाबाईच्या दारी कुणी येईनासं झालं.

रुद्राणीचा भाऊ पंचाक्षरी नांदेडच्या कॉलेजात शिकत होता. आईवरचा डाग प्रयोगशाळेत तरी धुऊन निघेल, अशी त्याची वेडी आशा. नदीकाठी त्याला तीच वेल हिरवी सापडली. जंतू पेरलेल्या दोन काचेच्या बश्यांत त्यानं कागदाच्या टिकल्या ठेवल्या. एक कच्च्या रसात भिजवलेली, दुसरी काढ्यात.

दुसऱ्या दिवशी रसाच्या टिकलीभोवती चंद्राला पडतं तसं नितळ खळं पडलं होतं. काढ्याच्या टिकलीला मात्र जंतू बिलगून वाढले होते.

पहिली बशी इष्टलिंगासारखी तळहातावर धरून तो बघत राहिला.

“काय पंचाक्षरी, पूजा करून राहिला का बशीची?” प्रयोगशाळेचा शिपाई ईश्वरप्पा डोकावला. “खळं पडलंय व्हय? मंग पाऊस येतोय बघ!”

दुसऱ्या बशीचं घरी बोलायचं नाही, असं ठरवूनच तो एसटीत बसला.

“अव्वा, पाल्यात गुण हाय. डोळ्यानं बघून आलो.”

उमाबाईचा ज्वारी निवडणारा हात थांबला.

“हाय ना?” ती हळूच म्हणाली. “मंग माझाच हातगुण गेला म्हणायचा.”

त्यानं तिच्या पुढ्यातल्या ज्वारीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

तेवढ्यात शेजारची सरजाबाई विळ्यानं कापलेलं बोट पदरात गुंडाळून आली. दुसऱ्या मुठीत करपलेली पानं.

“उमाक्का, लोकाचं सोड. मला तूच लाव.”

उमाबाईचे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी कुणी तिच्याकडे हात पुढे केला होता. पानं चुरून पाहत ती लगबगीनं उठली. “रस न्हाई गं ह्यात. थांब, उकळून देते.”

“नको!” पंचाक्षरी ओरडला. मग खाली मान घालून म्हणाला, “उकळू नको, अव्वा.”

चुलीवर ठेवायला उचललेलं भगुनं उमाबाईच्या हातात तसंच राहिलं. ती लेकाकडे बघत होती, आणि त्याला मान वर करता येत नव्हती.