माझ्यावरचे ओले कपडे

मी एक चौकट बोलतेय. दाराखिडकीची नव्हे, ज्या मुलांना आपल्या पायांवर उभं राहता येत नाही, त्यांना पट्टे बांधून उभं करायची लाकडी चौकट. सुताराने मला ठकीच्या मापाने केलं. ठकी तेव्हा सहा वर्षांची. तिला चालता येत नाही, बोलताही येत नाही; फिट येतात, म्हणून रोज गोळ्या चालू. हसते मात्र घरभर ऐकू जाईल अशी.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावलं होतं, "रोज अर्धा तास उभी करा. पायांवर भार पडला की हाडं बळकट होतात."

पंधरा दिवस ती माझ्यात उभी राहिली. मग एकदा खूप रडली. आईचंच काळीज ते! "राहू दे, उद्या करू," म्हणत तिने पट्टे सोडले. तो उद्या काही उजाडला नाही. माझ्यावर आधी टॉवेल आला, मग चादरी. वर्षभरात मी कपडे वाळत घालायची दांडी होऊन बसले. लोक टक लावून बघतात म्हणून ठकीला उन्हातही कुणी नेईना.

आणि मग ती सकाळ. आई ठकीला पायजमा चढवत होती. पाय आखडलेला होता. आईने जरासा ओढला आणि बारीक 'कट्' आवाज आला. मी लाकडाची, मोडल्याचा आवाज मला नाही कळणार तर कुणाला? ठकीने टाहो फोडला.

"पोटात दुखतंय वाटतं," म्हणत आईने तिचं पोट शेकलं.

अगं, मांडी मोडलीय, मांडी! पण मला तोंड नाही, आणि ठकीला असून बोलता येत नाही. आई तिला कडेवर घेऊन फिरवत राहिली, आणि पावलागणिक ती किंचाळत होती. दुपारी बाबा जेवायला आले, तेव्हा त्यांच्या हाताला तिची सुजलेली, गरम मांडी लागली. मग दवाखाना, प्लास्टर.

"पडली नाही हो ती कुठे! तळहातावरच्या फोडासारखी जपली मी तिला," आई ताईंपाशी रडली.

"जपण्याच्या नादातच पायांवर भार द्यायचा राहिला, हाडांना लागणारं ऊन द्यायचं राहिलं. त्यात फिटच्या गोळ्यांनीही हाडं ठिसूळ होऊ शकतात," ताई म्हणाल्या. "गोळ्या बंद नाही करायच्या, पण डॉक्टरांना हाडांचं विचारायला हवं होतं. मीही सांगायला चुकले."

हाड जुळल्यावर आज डॉक्टरांच्या परवानगीने माझ्यावरचे कपडे उतरले. ठकी वाढलीय, म्हणून सुताराने माझी उंचीही वाढवली. "पाचच मिनिटं," ताईंनी सांगितलंय. पट्टे बांधले तशी ठकी रडू लागली. आईचा हात पट्ट्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मीही घाबरलेय. तो आवाज पुन्हा, माझ्याच कुशीत आला तर?

आईबाबांनो, बोलता न येणारं लेकरू हात-पाय हलवताना रडलं, तर नुसतं पोट शेकत बसू नका. त्याच्या हाडांचीही चौकशी करा. आणि घरात माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर तिच्यावरचे कपडे आजच काढा.

ठकीचं रडणं थांबलंय. चौथं मिनिट चाललंय. आई घड्याळाकडे बघतेय, आणि मी कान देऊन ऐकतेय.