वाढत्या अंगाची खोली

मुलं झोपेत वाढली की त्यांची खोलीही वाढायची, आणि तेवढी जागा देवघरातून जायची. हेमलताला आता त्याचं नवल राहिलं नव्हतं. सकाळी उठून ती आधी देवघराशी उभी राही, किती उरलंय ते नजरेनं पाही आणि मग केर काढायला घेई. आताशा केरही कमीच निघायचा.

खोली वाढत्या अंगाची करून घ्यायची, ही तिच्या नवऱ्याची, दिगंबरची कल्पना. सोहम आणि मुक्ता मोठी होतील तशी सारखी तोडफोड कोण करत बसणार, गणवेश घेतो तशी भिंतही जरा सैल घेऊन ठेवू, असं तो म्हणाला होता. रज्जाक मिस्त्रींनी तशी भिंत बांधून दिली. फक्त ती कोणत्या अंगाला सरकावी हे विचारायला ते आले, तेव्हा हेमलता पोथी वाचत होती. अध्याय संपेपर्यंत बोलायचं नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. तिनं आसनावरूनच हात वर केला. थांबा, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण हात देवांकडे झाला होता. मिस्त्रींनी तीच दिशा धरून ओळंबा सोडला, आणि अध्याय संपायच्या आत पहिला थर चढलाही.

मग जे व्हायचं ते होत गेलं. सोहमला बापाची चप्पल यायला लागली त्या आठवड्यात देवघराचं दार गेलं. मुक्ताला न्हाण आलं तेव्हा चौरंग गेला. मांडी घालायला जागा होती तोवर हेमलता मांडी घालून बसली, नंतर गुडघे पोटाशी घेऊन. नेम मात्र चुकवला नाही. पलीकडे मुलांची खोली इतकी लांबली होती की त्यांच्यासाठी नेलेलं दूध वाटेतच निवायचं आणि त्यावर साय धरायची. मुलं साय खात नसत, म्हणून ती गाळायला परत यायची. दुपारपर्यंत पाय भरून येत.

दिगंबरला सांगून पाहिलं तर तो हसला. तुझ्या देवांना कुठे हातपाय पसरायचेत, म्हणाला. शेवटी तिनं मिस्त्रींनाच बोलावलं. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा त्यांनी भिंतीला तळहात लावून पाहिला.

"रज्जाकभाई, हिला परत फिरवा."

"नाही फिरायची, ताई. माणूस आडवं आलं तर थांबेल. पण ती थांबली की पोरांचं वाढणंही थांबतं, मग उलटं फिरतं. ते तुमचं तुम्ही बघा."

चहा घेऊन ते गेले.

एकादशीला सकाळी भिंत आणि देव्हारा यांच्यात हेमलतापुरतीच फट उरली होती. ती आत शिरली, तोंड देवांकडे करून बसली. भिंत आली, तिच्या पाठीला टेकली आणि थांबली. भिंत कोमट होती. कितीतरी दिवसांनी कुणी पाठ टेकू दिली, असं तिला वाटलं. तिनं डोळे मिटून जप सुरू केला.

पलीकडच्या टोकाहून मुक्ताचा आवाज आला, नेहमीसारखा जरा उशिरानं.

"आई, सोहमच्या बाह्या लांब झाल्यात. त्याचे हात दिसत नाहीत."

हेमलतानं मणी ओढला.

"आई, त्याचा हात आता बटणापर्यंत पुरत नाही. रडतोय तो."

त्याचं रडणंही येऊन पोचलं. बारीक आवाजातलं, मला उचलून घे म्हणणारं. ते तिला ओळखीचं होतं. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ ती ते ऐकत राहिली.

मग तिनं पोट आत घेतलं आणि थोडी पुढे सरकली. भिंतीनं तेवढं घेतलं. ती आणखी सरकली. रडणं घोगरं झालं, मग थांबलं. तिचं कपाळ देव्हाऱ्याच्या कमानीला लागलं. बाळकृष्ण इतका जवळ आला की त्याचं नाक-तोंड वेगळं दिसेना.

"आई, जेवायला काय आहे?" पलीकडून कुणीतरी पुरुषी आवाजात विचारलं.

ती सांगणारच होती. पण निरांजनातल्या ज्योतीला उभं राहायला जागा उरली नाही. ज्योत आडवी झाली आणि तशीच तेवत राहिली. हेमलतानंही मान आडवी केली.