छतावरची शर्यत

उस्तादाने अंथरूण धरलं त्याला दीड वर्ष झालं होतं. उस्ताद हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वीस वर्षं त्याने क्रेन चालवली, आणि दोन टनांचा लोखंडी गठ्ठा तो निजलेलं मूल खाली ठेवावं तसा अलगद ठेवायचा, म्हणून यार्डातल्या लोकांनी दिलेलं ते नाव घरापर्यंत आलं. आजार नसांचा होता. आधी पावलं गेली, मग गुडघे, मग कंबर. हातांना मात्र बरीच वर्षं धक्का लागणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर नवरा-बायको दिवस ढकलत होते.

बायको लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसून रफूचं काम करायची. दर रविवारी दीर यायचा आणि दोघे भाऊ टीव्हीवर मोटारींची शर्यत खेळायचे. मिसरूड फुटत होतं तेव्हापासूनचा दोघांचा हा नाद. पण टीव्ही पलंगाच्या पायथ्याशी, आणि उस्तादाला आता बसवत नव्हतं. तासाभरात मान धरायची. शेवटी तिनेच म्हटलं, आपण प्रोजेक्टर आणू, चित्र सरळ छतावर पाडू.

उस्तादाने अटी सांगितल्या, तिने त्या लॉन्ड्रीच्या पावतीमागे लिहून घेतल्या. दिवसा पडदे ओढून चित्र नीट दिसलं पाहिजे. आतला पंखा घोंघावता कामा नये. आणि बटण दाबल्यावर चित्र हलायला उशीर लागता कामा नये. ही शेवटची अट त्याने तिला दोनदा वाचून दाखवायला लावली.

दुकानदार सज्जन होता. त्याने दोन यंत्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. पहिल्याचे रंग असे, की बघत राहावं. सिनेमाला याला तोड नाही, तो म्हणाला, पण हे चित्र आधी घासूनपुसून घेतं, मग भिंतीवर टाकतं. खेळताना हात पुढे आणि चित्र मागे असं होतं. दुसऱ्याचे रंग जरा फिके, पण हाताबरोबर चित्र. तिचा निर्णय तिथेच झाला होता. सोबत आलेला दीर मात्र पहिल्यासाठीच हटून बसला. दादाला सिनेमे बघायला होतील, खेळाचं काय एवढं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला.

"पाय गेलेत त्यांचे, भाऊजी," ती म्हणाली. "हात नाही गेले."

दुसरा प्रोजेक्टर घरी आला.

छताच्या मधोमध पंखा आडवा येत होता, तो दिराने उतरवला. तिने स्टुलावर चढून छताला पांढरा हात दिला. पलंगाशेजारी स्टँड उभा केला, पडदे ओढले, आणि भर दुपारी छतावर लांबच लांब रस्ता उजळला. उस्ताद आडवा पडून तो बघत राहिला. कित्येक महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर असं काही तिने पाहिलं नव्हतं.

पण खेळ जमेना. प्रत्येक वळणावर त्याची गाडी कठड्यावर जायची. पुढच्या रविवारीही तेच. त्याने आदळआपट केली नाही. मुरलेला कामगार बोलतो तसं शांतपणे म्हणाला, की चित्र मागून येतंय, यंत्र सदोष आहे, बदलून आण. तिला उलट हायसं वाटलं. दोष यंत्राचा असला की तो दुकानात नेऊन देता येतो.

सोमवारी अर्धी रजा टाकून ती खोकं घेऊन दुकानात गेली, खेळायचा रिमोटही नेला. दुकानदाराने काडेपेटीएवढं एक उपकरण पडद्याला टेकवून माप घेतलं. सेकंदाचे पन्नास भाग केले तर त्यातला एक, एवढाच उशीर. मग तिच्याच रिमोटवर तो स्वतः खेळला. बोट दबलं की गाडी वळत होती. कापडातला एक सुटलेला धागा शोधण्यात जन्म गेलेली तिची नजर; तिलाही मध्ये फट दिसली नाही.

"घरी नवीनच खेळायला लागलंय का कोणी?" त्याने विचारलं. "सवय व्हायला वेळ लागतो."

पंचवीस वर्षांची सवय आहे, असं ती म्हणाली. दुकानदाराने वायर गुंडाळली आणि खोकं हळूच बंद केलं.

ती घरी गेली नाही. दीर फोटोंच्या चौकटींना काच कापायचा, तिथे गेली. तिच्या हातातलं खोकं बघूनच त्याने काचेवर ओढायची हिरकणी खाली ठेवली.

"त्यांचे हात कधीपासून?" तिने विचारलं.

"चार महिने झाले असतील. मी मुद्दाम हरतोय, वहिनी. आता तेही जमत नाही, इतका तो मागे पडतो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हातांवर इतकी भिस्त ठेवून होतीस. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

वाटेत तिने खोटं तयार केलं: दुकानदाराने चूक कबूल केली, दुसरं यंत्र दिलं. घरी येऊन तिने ते धडाधड सांगून टाकलं आणि स्टँड लावायला घेतला. उस्ताद तिच्याकडे बघत होता.

"माप किती आलं?" त्याने विचारलं.

ती स्क्रू पिळत राहिली. पिळायला काही उरलं नव्हतं, तरी पिळत राहिली. मग तिने खरं माप सांगितलं.

तो उजवा हात छातीवर घेऊन अंगठा एकेका बोटाला टेकवू लागला. करंगळीपर्यंत तो पोचला नाही. परवा चहाचा कप निसटला तेव्हा आपल्याला वाटलं हाताला मुंग्या आल्यात, असं तो म्हणाला. उद्या डॉक्टरांकडे नंबर लाव, म्हणाला. तिने मान हलवली. डॉक्टर काय सांगणार हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच सांगितलं.

त्या संध्याकाळी मात्र त्याने रिमोट तिच्याकडे सरकवला.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"मी सांगतो ना. पड इथे."

ती त्याच्या शेजारी आडवी झाली. छतावर रस्ता सुरू झाला. ब्रेक वळणाच्या आधी दाब, वळणात नको, तो सांगत होता, आणि ती दर वेळी वळणातच दाबत होती. गाडी कठड्यावर घासत, ठेचकाळत चालली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

"डावीकडे," तो म्हणाला. "अजून डावीकडे. हां. आता सरळ."