गिरणीतला मुका सिनेमा

"ज्यात माणसं नुसती तोंडं हलवतात आणि आवाज येत नाही, असला सिनेमा बघायला मी चालती गिरणी बंद ठेवू?" मी भाऊजींना विचारलं. हातात खराटा होता, तो मुद्दाम खाली ठेवला नाही.

भाऊजी म्हणजे यांचे चुलतभाऊ. शहरात राहून परत आले ते एक जुनं मशीन आणि रिळांची पेटी घेऊन. तेव्हापासून गावाला शहाणं करायचा विडा उचलला होता त्यांनी. गावानं अजून दाद दिली नव्हती.

"वहिनी, जुनं सोनं आहे हे. शब्दांवाचून सगळं कळतं."

"शब्द असून तुमच्या गावाला किती कळतं, ते मी रोज बघते."

पण खोली आमच्याच गिरणीची मोठी, आणि भिंत पांढरीशुभ्र; चुन्यानं कमी, पिठानं जास्त. त्यात मका निघून रानं उघडी पडली होती. कोरडा वारा दिवसभर माती उडवत होता आणि रिकामटेकडी माणसं पारावर बसून एकमेकांची उणीदुणी काढत होती. हे मात्र त्यांच्यात नव्हते.

यांचे कान गिरणीनं खाल्ले. ऐकू येत नाही हे कबूल करायला जीव जायचा यांचा. मग एकदा रस्त्याच्या कामाच्या बैठकीत कुणी विचारलं एक आणि यांनी सांगितलं भलतंच. तेव्हा भोंग्यानं कानात बोट घालून फिरवून दाखवलं आणि सगळी बैठक पोट धरून हसली. हा भोंग्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो. देवानं गळा दिला आणि डोकं द्यायचं राहून गेलं. त्या दिवसापासून हे गिरणीतून घरी आणि घरातून गिरणीत. पार सुटला, बैठक सुटली, कुणाच्या दारात जाणं सुटलं. यांनी पुन्हा चार माणसांत बसावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी काय नाही केलं? भांडले, रुसले, रडलेसुद्धा.

आणि मला संताप कशाचा, तर हीच माणसं गिरणीत यांच्याशी छान बोलायची. चाकं फिरायला लागली की तिथं धडधाकट कानाच्या माणसालाही ऐकू येत नाही, म्हणून सगळं बोलणं हातानं. चिमूट चोळली की बारीक, मूठ चोळली की भरड. तळवे उताणे केले की 'काय?' आणि तळवा आडवा धरून खाली दाबला की 'थांब, तुझी पाळी नाही आली.' म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पोरीबाळींना, सगळ्यांना येतं. पण उंबरठा ओलांडला की हीच माणसं यांच्या कानाशी येऊन बोंबलणार, मग एकमेकांकडे बघून हसणार. हातांना काय बाहेर लकवा भरतो?

शेवटी मी हो म्हटलं. खिडक्यांना पोती लावली, भरदुपारी अंधार केला. गाव लोटलं. हे कोपऱ्यात गिरणीचा तुटका पट्टा शिवत बसले. "मी बघणार नाही, विजेच्या बटणापाशी कुणीतरी हवं म्हणून थांबलोय," म्हणाले.

तेवढ्यात भोंग्या कर्णा घेऊन आला.

"हा कशाला?" मी विचारलं.

भाऊजी चाचरले. "लोकांना कंटाळा येईल हो. हा समजावून सांगेल."

"शब्दांवाचून सगळं कळतं म्हणत होतात ना?"

भाऊजींनी मशीनचा दांडा फिरवायला घेतला.

भिंतीवर एक लांबटांग्या माणूस आला, पाठीवर घराचं अख्खं दार चौकटीसकट घेऊन. सासुरवाडीला निघाला होता. आणि भोंग्या सुरू झाला. "बघा, बघा! माणूस आला! दार आणलं! आता चालला!" जणू गावाला डोळेच नव्हते. पुढं काय होणार तेही आधीच ओरडून सांगायचा. पोरं कान झाकून बसली. मी यांच्याकडे बघितलं. सुई हातात तशीच, नजर भिंतीवर. शिपाई मागं लागला तसं त्या माणसानं मोकळ्या मैदानात दार उभं केलं, उघडलं, पलीकडे गेला आणि लावून घेतलं. सगळं मैदान रिकामं, तरी शिपाई दारावर थाप मारत उभा!

हे हसले. एकटेच. बाकीचे भोंग्याचं बोलणं संपायची वाट बघत होते.

किती दिवसांनी ऐकलं मी ते हसू. उठले आणि कर्ण्याची वायर ओढून काढली.

"ए, आवाज गेला!" कुणीतरी ओरडलं.

"सिनेमा मुकाच आहे," मी म्हटलं. "ज्याला ओरडा ऐकायचाय त्यानं गुरांच्या बाजारात जावं."

भोंग्या वायर शोधत मशीनमागं घुसला. खोलीत नुसती मशीनची खडखड उरली. भिंतीवरचा माणूस दार घेऊन नदीत शिरला आणि त्यावर बसून वल्हवायला लागला. आता मात्र गाव हसलं. मग शेवटच्या ओळीतल्या म्हातारीला दिसेना, तिनं तळवे उताणे केले. पुढच्या बाईनं हातानंच नदी दाखवली, दार दाखवलं. बघता बघता खोलीभर हात हलायला लागले. उंबरठ्याच्या आतच होती ना सगळी! दोघंतिघं यांच्या बाजूला सरकून बसले. शिपायाच्या मिशा कशा भिजल्या ते हे हातानं करून दाखवत होते आणि ती माणसं लोळत होती. मी हसले नाही. एकदा हसले, तेही तोंडावर हात धरून.

एवढ्यात असा काही हशा उसळला की पोती हलली. भोंग्या मशीनमागून धडपडत बाहेर आला.

"काय झालं? अरे काय झालं?"

त्याच्या त्या गळ्याला कुणी भीक घातली नाही. सगळे भिंतीकडे. जवळ होते ते आमचे हे. भोंग्या त्यांच्यापुढं उकिडवा बसला आणि बोंबलायचं सोडून त्यानं मुकाट्यानं दोन्ही तळवे उताणे केले.

यांचा स्वभाव मऊ. मला वाटलं, सांगतील आता बिचाऱ्याला. यांनी भिंतीवरची नजर काढली नाही. फक्त तळवा आडवा धरला आणि खाली दाबला.

आणि भोंग्या दळणाला आल्यासारखा गुपचूप मागं जाऊन उभा राहिला.