चार नंबरच्या डब्यातले सहा

एप्रनच्या खिशात निळ्या प्लॅस्टिकचा तुकडा, नखाएवढा.

उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्याहून थोडी जाड असते. ताजी असली की चकाकते.

डॉक्टरीणबाई फोनवर काहीतरी कुरकुरीत खात होत्या.

रेडिओवर कुणीतरी टोमॅटोवर पडणाऱ्या किडीबद्दल बोलत होतं. आवाज घरभर.

"तीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एक वॉशर कमी भरला नाही," बाबा म्हणतात. "कमी भरला तर शोधायचो. नाही सापडला तर घरून आणायचो."

खालच्या काकूंच्या सिंकखाली हिरवा ठोकळा. एक कोपरा कुरतडलेला.

अकरा वर्षं.

*

नीट सांगते.

घरात मी, बाबा आणि ती. ती म्हणजे चार फुटी मादी अजगर. आणली तेव्हा माझ्या मनगटाला एक वेढा घालून संपायची. बाबा तिला बाईसाहेब म्हणतात, कारण तिचं ताट आम्ही वाढायचं आणि तिने बघायचंसुद्धा नाही. मी एका चष्म्याच्या दुकानामागे काचा घासते, नऊ ते साडेपाच. बाबा कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झालेले.

विकतचे उंदीर एकदा रोगट निघाले. तेव्हापासून मागच्या खोलीत आम्हीच पाळतो. फडताळावर सहा डबे. प्रत्येकावर कागदाची पट्टी, पट्टीवर जन्मतारीख आणि आकडा. सोमवार ते शनिवार दाणापाणी बाबांचं. रविवारी भुसा बदलणं, डबे धुणं, झाकणं लावणं माझं. मारायचं कामही माझं. त्या वेळी बाबा रेडिओचा आवाज वाढवतात.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक नियम आहे: जमिनीला पाय लागलेला उंदीर परत आपल्या डब्यात नाही. बाहेर तो काय खाऊन आला, कुणाला भेटून आला, देव जाणे. त्याने सहा नंबरमध्ये एकट्याने तीन आठवडे काढायचे. बाबा त्या डब्याला पाहुण्यांची खोली म्हणतात.

नियम माझा. अक्षर बाबांचं.

*

मंगळवार. संध्याकाळी सहा वाजून दहा.

चार नंबरचा डबा काढला. पट्टीवर सहा, आत सहा, सगळे पांढरेशुभ्र, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. झाकणाच्या उजव्या बाजूला निळी क्लिप होती. डाव्या बाजूला तार पिळलेली होती, टोक आत वळवून, म्हणजे बोटाला लागू नये. स्टोअरकीपरची गाठ. मी ती सोडवली. काही विचारलं नाही.

एक उचलला. बाहेर टोमॅटोवरची कीड सुरू झाली.

वीस मिनिटांनी बाईसाहेबांच्या गळ्याखाली फुगवटा होता, आणि तो हळूहळू मागे सरकत होता.

*

सहा पस्तीस. दारात काकू.

"तुमच्या बाईसाहेब वर, आणि त्यांची न्याहारी माझ्या सिंकखाली!"

"काय झालं काकू?"

"रविवारी रात्रीपासून खुडबुड. काल ठोकळा ठेवला, आज बघते तर खाल्लेला. आणि आत्ता आमच्या ह्यांना आठवतंय, की सकाळी पाइपवरून पांढरं काहीतरी वर गेलं. पांढरं! ह्या बिल्डिंगमध्ये पांढरे उंदीर कोण पाळतं, मी का?"

"कसला ठोकळा?"

"विषाचा. मग काय, त्याला खेळणं आणून देऊ?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा रेडिओचं बटण फिरवत होते. रेडिओ आधीच बंद होता.

"बाबा."

"सकाळी वॉशिंग मशीनमागे सापडला," ते म्हणाले. "चांगला होता. टुणटुणीत."

"कुठे ठेवलात?"

"कुठे म्हणजे?"

"पाहुण्यांच्या खोलीत ना?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांना काही कळलं नव्हतं, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळलं होतं.

"चारमध्ये," बाबा म्हणाले. "चारमध्ये एक कमी होता ना. भरून टाकला."

*

डॉक्टरीणबाई (कुरकुर, कुरकुर): गेल्या थंडीत ओकली होती ना ही?

मी: हो. हीटर बंद पडला होता. नंतर तीन महिने जेवली नाही.

— मग ओकव असं मी सांगणार नाही. नको ओकवू असंही सांगणार नाही.

— विष असेल तर?

— रक्त गोठत नाही. आठ दिवसांनी कळेल, तेव्हा कळून उपयोग नाही. ओकवायचं तर पावणेआठच्या आत. नंतर पोटातलं आम्ल वर येताना गळा भाजेल.

— आणि ओकवलं तर?

— तुला माहीतच आहे. मागच्या उपासातून ती अजून सावरलेली नाही. (कुरकुर थांबली.) ठोकळ्याचा रंग कोणता?

— हिरवा.

— मग लेंडी हिरवी पडेल. उरलेले पाच वेगवेगळे ठेव, पांढऱ्या कागदावर. एकाची जरी हिरवी पडली, तरी तुझी सुटली. पाचही काळ्या पडल्या, तर तिच्या पोटात गेलाय तो तोच.

*

पाच काचेच्या बरण्या. तळाला दुकानातला, काचा पुसायचा पांढरा कागद. बरण्यांवर जाळी, जाळीवर रबर. स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळीने पाच पांढरे उंदीर, आणि समोर खुर्च्या टाकून आम्ही दोघं. परीक्षेला बसवल्यासारखे ते, किंवा आम्ही.

सहा पंचावन्न. काही नाही.

"दाणे टाकू का?" बाबा म्हणाले. "खाल्लं की—"

"टाका."

टाकले. पाचांनी खाल्ले. कुणी काही केलं नाही.

"संप केलाय मंडळींनी."



"झाकण कसं उघडं राहिलं, बाबा?"

ते दुसऱ्या बरणीकडे बघत होते. "सोमवारी दाणे टाकताना माझ्याकडूनच राहिलं असेल. हल्ली नीट दिसत नाही."

"मागच्याच महिन्यात तुमचा नंबर काढलाय मी. काच मी स्वतः घासलीय."

"मग लक्ष नसेल."

"आणि नियम? तुमच्याच हातचा आहे भिंतीवर."

"सहामध्ये ठेवला असता तर तू विचारलं असतंस, हा बाहेर कसा आला."

"मग? विचारलं असतं!"

"तेच," बाबा म्हणाले.

*

सात पाच. पहिली बरणी. काळी.

सात आठ. चौथी. काळी, तीन.

बाईसाहेबांच्या पेटीत दिव्याखाली फुगवटा आता मधोमध. ती एका जागी, डोळे उघडे. तिला पापण्याच नाहीत, त्यामुळे ती झोपलीय की बघतेय हे अकरा वर्षांत मला कधी कळलं नाही.

सात सोळा. दुसरी. काळी. मी कागद उजेडाला धरला, भिंग लावलं, जे मी दिवसभर काचांना लावते. काळी.

सात एकवीस. तिसरी. काळी.

पाचवा उंदीर मिशा पुसत होता. आधी डावी बाजू, मग उजवी, मग पुन्हा डावी. घाई नाही.

*

"चार काळ्या," मी म्हणाले.

"एक राहिलाय."

"त्याचीही काळीच पडणार."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? बघा ना कसा बसलाय. विष खाल्लेला उंदीर असा बसेल?"

"विष लगेच चढत नाही म्हणाल्या ना त्या. अजून वीस मिनिटं आहेत, बाळा. सात चाळीसपर्यंत थांब. मी बघतो, तू बस."

"तुम्ही बघता? तुम्ही बघितलंत म्हणून तर हे झालंय."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थांब थोडं. एवढंच म्हणतो मी."

थांबले असते तर काय बिघडलं असतं, हे मी नंतर पुष्कळ वेळा घड्याळाकडे बघून ताडून पाहिलंय. सोळा मिनिटं तरी होती हातात. पण खुर्चीवर बसून उंदराच्या ढुंगणाकडे बघत राहणं मला जमेना. काहीतरी करायला हवं होतं, आणि करण्यासारखं एकच होतं.

मी पेटीचं दार सरकवलं.

जेवलेल्या अजगराला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून पाठ. दोन्ही हातांनी उचलली. फुगवटा सैल धरला, डोकं खाली केलं, हलकेच मागून पुढे चोळत आणलं. तिने आधी माझ्या हाताला घट्ट वेढा घातला. मग सैल झाली. जबडा उघडला, इतका, की मी मान वळवली.

मोरीत पडलं ते ओलं, लांबट, अजून पांढरं होतं.

तिच्या अंगातून एक लाट गेली, मग दुसरी. दुसऱ्या वेळी नुसतं पाणी आलं. मी तिला तिच्या टॉवेलवर ठेवलं. तिने गुंडाळी केली नाही. ठेवली तशी राहिली, सरळ, दोरी टाकावी तशी.

"बाळा," स्वयंपाकघरातून बाबा म्हणाले.

मी गेले नाही.

"बाळा, ये."

पाचव्या बरणीत कागदावर दोन लेंड्या होत्या. भिंगाची गरज नव्हती. हिरवा चांगला उठून दिसत होता.

सात एकतीस.

*

बाबांनी पाचव्याला सहा नंबरमध्ये ठेवलं. बाकीचे चारमध्ये. पट्टीवरचा सहा खोडून चार लिहिला. मोरीतलं वर्तमानपत्रात गुंडाळलं, मोरी धुतली. मागच्या खोलीची किल्ली आणून टेबलावर माझ्यासमोर ठेवली. मी मागितली नव्हती. परत घ्या असंही म्हणाले नाही.

पाचवा उंदीर शुक्रवारी मेला.

पुढचे मंगळवार असे: मी उंदीर तयार करायची, कोमट करायची, लांब चिमट्यात धरून तिच्यापुढे हलवायची. ती तोंड फिरवायची. बाबा रेडिओ लावायचेच नाहीत. दाराबाहेर उभे राहून विचारायचे, "घेतलं का?"

"नाही."

"बरं. पुढच्या मंगळवारी घेईल."

वजन दर आठवड्याला कमी. पाठीचा कणा वर आला, मग बाजूच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिली, दोनदा. आता त्या फोनवर काही खात नव्हत्या.

नवव्या आठवड्यात, शनिवारी, मी कामावरून आले तर बाबा पेटीसमोर स्टुलावर बसले होते. दिवा चालू होता. ती पाण्याच्या वाडग्यात डोकं टेकवून होती.

"दुपारी," ते म्हणाले. "मी होतो इथे."

मी बॅग खाली ठेवली. जे तोंडात आलं ते बोलले, आणि शांतपणे बोलले, त्यामुळे जास्त लागलं असणार.

"तुम्ही तो परत डब्यात टाकला नसता, बाबा, तर ती असती."

बाबांनी मान हलवली. "हो," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

आणि उठून चहा ठेवायला गेले.

*

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी दुपारी, डबे धुताना, चार नंबरची डावी क्लिप माझ्या हातात तुटली. मी ती एप्रनच्या खिशात टाकली आणि झाकण एकाच क्लिपवर लावलं.