उजव्या बाजूचा आवाज

मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे असं सांगितलं, तर मित्रांनो, तुमच्यातले निम्मे जण विचारतील, "म्हणजे काय?" खुशाल विचारा, मला राग येत नाही. रेकॉर्डवर फिरणारी सुई जो आवाज उचलते, तो फार बारीक असतो. तो मोठा करायचा आणि डावीकडच्या व उजवीकडच्या स्पीकरला सारखा वाटून द्यायचा, हे माझं काम. गाणारे कुणी वेगळे, वाजवणारे वेगळे, मी आपला मधला हमाल. पण हे काम मी तेहतीस वर्षं इमानेइतबारे केलं. आज जे सांगणार आहे, त्यात माझा दोष नव्हता. तरीही ते आठवलं, की मला अपराध्यासारखं वाटतं.

माझा जन्म कारखान्यात नाही, एका जेवणाच्या टेबलावर झाला. माझे मालक तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करत. आळीत सगळे त्यांना काटेवाले म्हणत. एखादं पारडं केसभर जरी झुकलं, तरी त्यांना घास गोड लागत नसे. त्यांची बायको मुलींच्या शाळेत गाणं शिकवायची. तिला सगळे बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणतो. चाळीस मुलींचे चाळीस सूर दिवसभर एका पट्टीत आणायचे, म्हणजे काही खायचं काम नाही. घरी आल्यावर बाई म्हणायच्या, "दिवसभर गळा चालवते हो मी. आता कुणीतरी दुसऱ्यानं गावं आणि मी नुसतं ऐकावं, असं वाटतं."

एवढ्या एका वाक्यासाठी काटेवाल्यांनी मला घडवलं. चार महिने खपले. मोडक्या कपाटाच्या फळ्या तासून माझी पेटी केली. आत तारा जुळवल्या, एकेका सांध्याला डाख दिला आणि वर काचेचे चार व्हॉल्व्ह बसवले. चालू झालो की ते नारिंगी उजळतात. पहिल्या दिवशी बाई खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, आणि गाणं सुरू झाल्यावर म्हणाल्या, "अहो, गाणारी शेजारच्या खोलीत बसलीय असं वाटतंय!"

मी फुलून गेलो. तेवढ्यात काटेवाले म्हणाले, "शेजारच्या खोलीत? मग याच खोलीत आणायला हवी." आणि पुढच्याच रविवारी त्यांनी मला उघडलं.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या पोटाला स्क्रू ड्रायव्हर लागला नाही असा महिना गेला नाही. कधी तारा बदल, कधी व्हॉल्व्ह बदल, कधी माझ्या पायाखाली रबराचे तुकडे सरकव. काटेवाल्यांचं ऐकणं म्हणजे तपासणं. रेकॉर्ड लावायची, पहिलं अर्धं मिनिट कान टवकारायचे, कपाळाला आठी घालायची आणि सुई उचलायची. बाई म्हणायच्या, "अहो, एक तरी गाणं पुरं होऊ द्या की!" ते म्हणायचे, "थांब गं, जरा खरखर वाटली. एकदा नीट झालं, की मग ऐकतच बसू." त्यांचं ते 'एकदा नीट झालं की' कधी उजाडलंच नाही. मनानं मात्र ते लोण्याहून मऊ. हे सगळं ते बाईंसाठीच करत होते, आणि तसं त्यांना मनापासून वाटत होतं.

बाईंनी यातून वाट काढली होती. शाळा लवकर सुटायची, दुकान उशिरा बंद व्हायचं. मधला दीड तास आमचा दोघांचा. बाई चहाचा कप घेऊन खुर्चीत बसायच्या आणि रेकॉर्डची अख्खी बाजू ऐकायच्या. मधे बोलायच्या नाहीत, उठायच्या नाहीत. एखादी जागा फार आवडली, तर "वा!" म्हणायच्या, तेही हळू. माझ्या आयुष्यातले सुखाचे तास मोजायचे झाले, तर ते हेच.

असं होता होता त्यांची लेक मोठी झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. घरात दोघंच उरली. एका रविवारी बाई म्हणाल्या, "अहो, उजवीकडून जरा कमी येतंय का?"

काटेवाले ताडकन उठले. आवाज मोजायचं मीटर माझ्या दोन्ही बाजूंना लावलं. काटा दोन्हीकडे एकाच रेघेवर. कुणीही मीटरवर विश्वास ठेवला असता. पण त्यांना आपल्या बायकोच्या कानांचं भारी कौतुक. चाळीस मुलींतल्या कोणत्या मुलीचा सूर घसरला, हे ती पाठमोरी असतानाही सांगते, असं ते दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. म्हणाले, "मीटर चुकेल, हिचे कान चुकायचे नाहीत." आणि मला उलटा करून टेबलावर घेतलं.

मला ठाऊक होतं, मित्रांनो. माझ्या दोन्ही बाजू ठणठणीत होत्या. पण दुसऱ्याचा आवाज मोठा करणाऱ्याला स्वतःचा आवाज नसतो. मी काय सांगणार?

त्यांनी माझी उजवी बाजू नव्यानं जुळवली. बाई म्हणाल्या, "अजून कमीच आहे." त्यांनी डावीकडचा स्पीकर उजवीकडे नेला आणि उजवीकडचा डावीकडे आणला. तरी कमी उजवीकडेच. तारांची अदलाबदल केली, तरी उजवीकडेच. आता यंत्र बदललं, तारा बदलल्या, तरी उणेपण जागचं हलत नाही, म्हटल्यावर एखाद्यानं काय ओळखावं? काटेवाल्यांनी खोलीला दोषी धरलं. उजवीकडच्या खिडकीतून आवाज बाहेर पळतो म्हणाले आणि खिडकीवर जाड रजई टांगली. मग कपाट हलवलं. मग भिंतीला सतरंजी ठोकली. लेक सुट्टीला आली तेव्हा दारातच म्हणाली, "बाबा, घर आहे की गोदाम?" आम्ही सगळे हसलो. बाईंची खुर्ची फिरवून त्यांना दुसऱ्या तोंडानं बसवावं, एवढंच त्यांना सुचलं नाही. सगळी खोली हलली, खुर्ची तेवढी जागेवर राहिली.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी आठवडेच्या आठवडे टेबलावर उघडा पडून असायचो. बाई शाळेतून यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि चहा पिऊन कप विसळून ठेवायच्या. आमचा तो दीड तासही बुडाला. ऐकण्याचे म्हणून त्यांच्या वाट्याला जे दिवस उरले होते, त्यातले बरेचसे माझं झाकण उघडं असताना निघून गेले.

मधे एकदा, मी जोडलेला असताना, बाई घरी एकट्याच होत्या. त्यांनी रेकॉर्ड लावली आणि खुर्चीत न बसता सरळ उजव्या स्पीकरपाशी आल्या. खाली वाकून उजवा कान जाळीला टेकवला. थोडा वेळ तशाच राहिल्या. मग मान वळवून त्याच स्पीकरला डावा कान लावला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मग जमिनीवरच बसल्या. गाणं संपून सुई नुसतीच फिरत राहिली, तरी उठल्या नाहीत.

काटेवाले आल्याआल्या म्हणाले, "काय, आज कसं वाटलं? सकाळी एक तार बदललीय बघ."

बाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "आज बरं आहे हो. बरंच बरं आहे."

त्या क्षणापासून घरात हे गुपित दोघांना ठाऊक होतं, बाईंना आणि मला. त्या का बोलल्या नाहीत, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. गाण्याच्या बाईंनी स्वतःच्या तोंडानं 'मला ऐकू येत नाही' म्हणायचं, हे त्यांना जमलं नसावं. शिवाय 'बरं आहे' म्हटल्यावर काटेवाल्यांचा चेहरा असा काही उजळायचा, की पुढचं वाक्य बाहेर पडायचंच नाही. पुढं पुढं त्या शाळेतल्या मुलींना डाव्या बाजूला बसवू लागल्या, हे मी त्यांच्याच बोलण्यातून ऐकलं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तिकडे उजेड चांगला येतो."

शेवटी ते उघडं पडलं लेकीमुळे. ती आली, आईच्या उजव्या हाताला बसली आणि हळूच म्हणाली, "आई, मला दिवस गेलेत." बाई खिडकीवरच्या रजईकडे बघत शांत बसल्या होत्या. लेक पुन्हा म्हणाली. बाई वळल्या आणि हसून म्हणाल्या, "चहा टाकू का गं?"

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "बाबा, आईला ऐकू येत नाहीये."

"अगं, ते उजवीकडचं जरा..." काटेवाले माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "एक तार मागवलीय मी."

"बाबा!" लेक ओरडली. "मी तिच्या उजवीकडे बसून बोलतेय. मी काय स्पीकर आहे का?"

काटेवाल्यांचं बोट तसंच हवेत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिघं कानाच्या डॉक्टरांकडे गेली. हे कधीपासून होतंय ते आठवून लिहून आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन काटेवाले कोरा कागद घेऊन माझ्यासमोर बसले. बाईंना तारखा आठवेनात. मग लेकीनं माझ्या बाजूची दुरुस्तीची वही ओढली. माझ्यावर केलेलं प्रत्येक काम काटेवाले त्या वहीत तारखेसकट लिहीत, दुकानातल्या सवयीनं. लेक वाचू लागली. "उजवी बाजू किंचित कमी. उजवी बाजू जास्त कमी. झांजेचा वरचा आवाज उजवीकडे येत नाही असे हिचे म्हणणे. बायकांचे आवाज उजवीकडे पुसट. आता डावीकडेही थोडे कमी." अडीच वर्षांची बावीस पानं होती. आजाराचं टिपण इतकं नेटकं कुण्या डॉक्टरानंही ठेवलं नसतं.

लेक पुढचं पान उलटणार, तेवढ्यात काटेवाल्यांनी वही तिच्या हातातून घेतली आणि मिटून मांडीवर ठेवली. बाईंना ओठांवरून जेवढं कळायचं तेवढं कळलं होतं. त्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मीच बरं आहे म्हणत राहिले ना. तुम्हाला काय बोल लावायचा?" त्यावर काटेवाले लहान मुलासारखे रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

उजवा कान गेला होता. वेळेवर आला असतात, तर निदान डावा राखता आला असता, असं डॉक्टर म्हणाले. तोही काही महिन्यांचाच सोबती होता.

काटेवाल्यांनी रजई काढली, सतरंजी काढली, माझे सगळे स्क्रू घट्ट केले आणि स्क्रू ड्रायव्हर दुकानात नेऊन ठेवला. दुकान लवकर बंद करू लागले. रोज संध्याकाळी बाईंना डावा कान माझ्याकडे करून बसवत आणि स्वतः शेजारी बसत. त्याच दिवसांत मी खरोखर बिघडलो. आतला एक जुना भाग थकला आणि गाण्याच्या मागे माझी 'घूं घूं' अशी घरघर सुरू झाली. काटेवाल्यांनी ती पहिल्याच दिवशी ऐकली. त्यांची मान माझ्याकडे वळली, बोटं चाळवली. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. काटेवाल्यांनी ती बोटं मुठीत घेतली आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. तेहतीस वर्षांत त्या दोघांनी एकत्र बसून पुरं ऐकलेलं ते पहिलं गाणं, आणि ते माझ्या घरघरीसकट.

पुढं डावा कानही गेला. बाईंनी शाळा सोडली. तरी त्या सांगतात, "लावा ना एखादी." काटेवाले रेकॉर्ड लावतात आणि मांडीवर पाटी घेऊन बसतात. परवाच्या दुपारी बाईंनी आपली सगळ्यात आवडती रेकॉर्ड लावायला सांगितली. ती त्यांच्या एकटीच्या दीड तासातली, दोघांच्या संध्याकाळी ती कधी लागलीच नव्हती. खुर्चीच्या हातावर बोटांनी ठेका धरला आणि जरा वेळानं मोठ्यांदा विचारलं, "आता कुठं आलंय?" हल्ली त्यांना स्वतःचा आवाजही कळत नाही.

काटेवाल्यांनी पाटीवर लिहिलं, "कडवं."

"दुसरं की तिसरं?"

त्यांनी पाटी पुसली, पण पुढं काय लिहावं ते कळेना. कारण या रेकॉर्डचं पहिलं अर्धं मिनिट त्यांनी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि त्यापुढचं एकदाही नाही. बाईंबरोबर एवढी वर्षं राहून त्यांना बाईंचं लाडकं गाणं माहीत नव्हतं.

बाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, आता बासरी येईल बघा. ती आली की सांगा मला. तेवढीच एक जागा आहे हो."

बासरी आहे हेसुद्धा काटेवाल्यांना ठाऊक नव्हतं. ते कान देऊन बसले. बाईंची बोटं ठेका धरत होती, पण ऐकू न आल्यामुळे ती गाण्याच्या थोडी पुढं निघून गेली होती. माझ्याकडे अजून कडव्याची शेवटची ओळ चालू होती, तेव्हा बाईंची बोटं थांबली, भुवया वर गेल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे आशेनं पाहिलं. म्हणाल्या, "आली?"

केसभर झुकलेलं पारडं ज्यांना सहन व्हायचं नाही, त्या काटेवाल्यांनी मान हलवली. आली.

"वा!" बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

बासरी त्यानंतर आली. ती काटेवाल्यांनी एकट्यानं ऐकली आणि तोंडावर हात दाबून धरला.

मित्रांनो, मला पुसा, जपा, कधी बिघडलो तर दुरुस्तही करा. मी नको म्हणणार नाही. पण गाणं लागलं असेल, तर ते संपेपर्यंत मला हात लावू नका. आणि घरातलं कुणी म्हणालं, की नीट ऐकू येत नाही, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा. मला मागाहून उघडा.