धूम्राचं काहून

“धरा व त्या सटवीले! आता सोडू नका!” इंदुताई टीव्हीवर अशी खेकसली, की मांडीवरची शेंगांची परात कलंडली.

पडद्यावर जादूगारीण धूम्रा केस सोडून राजवाड्याच्या गच्चीवर उभी होती. काल तिनं राजाचा पोपट केला होता. आज तिची नजर पाळण्यावर होती. त्या साली गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली आणि वेचायला कापूसच उरला नाही, म्हणून बाभुळगावजवळच्या त्या खेड्यातल्या बाया दिवेलागणीलाच इंदुताईच्या ओसरीत जमायच्या. अळीला शिव्या देऊन समाधान होत नव्हतं. धूम्रा निदान समोर दिसायची.

“पण हे असं काहून करते?” गुंफाबाईनं विचारलं.

“काहून म्हंजे? राजानं टाकलं तिले. टाकलेली बाई जळतेच.”

बोलून झाल्यावर इंदुताईनं जीभ चावली. गुंफाबाई ऐन तरुणपणी सासर सोडून माहेरी आली, ती इथलीच झाली. शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवायची, भावाच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायची. गाव तिला टाकलेली म्हणायचं. तोंडावर नाही, एवढी माया होती गावाला.

“राजानं नाही टाकलं,” गुंफाबाई म्हणाली. “हे सोताच त्याले सोडून भिंत चढून गेलती, पयल्याच भागात. तुमी तवा कुकर उतरवाले गेल्त्या.”

घरी परतताना भावजय लीलाबाई तिच्या बरोबरीनं चालू लागली.

“बाई, उद्या अपेक्षाले पाह्याले दिग्रसचे पाहुणे येऊन राह्यले. तुमी जरा यवतमाळले जाऊन या ना. डोळे दाखवून या.”

“उद्या रविवार हाय. डोळ्याचा डॉक्टर बी घरी झोपला असंन.”

“मंग खोलीतच राहा. त्यायनं तुमचं इचारलं, त मी काय सांगू?”

भाचीला, अपेक्षाला, पहिला घास गुंफाबाईनं भरवला होता, शाळेत पहिल्या दिवशी तिनंच ओढत नेलं होतं. त्या पोरीच्या दिवशी तिनं दार लावून बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पोहे झाले आणि चहाचा ट्रे घेऊन गुंफाबाईच बाहेर आली. जांभळं लुगडं, पदर कमरेला खोचलेला.

“ह्या कोन?” मुलाच्या आईनं विचारलं. रुंद हाडाची, उन्हानं रापलेली बाई होती.

“शेजारच्या हायत,” लीलाबाई घाईनं म्हणाली.

गुंफाबाईनं ट्रे खाली ठेवला. “शेजारची नाही. पोरीची आत्या. याच घरची.”

मुलाच्या आईची नजर तिच्या मोकळ्या गळ्यावर गेली. “मालक?”

“हायत त्यायच्या गावी.”

“टाकलं का त्यायनं?”

“नाही. म्या टाकलं.”

भाऊ घनश्याम पोह्यांच्या बशा गोळा करू लागला. लीलाबाईनं भिंतीकडे तोंड केलं. मुलाच्या आईनं मात्र कप खाली ठेवला.

“काहून?”

गुंफाबाईला इतक्या वर्षांत लोकांनी ‘कायले’ खूप विचारलं होतं. कायले आली, कायले बसली. ‘कायले’ला उत्तर नको असतं, तो परत जायचा हुकूम असतो. ‘काहून’ मात्र कोणी विचारलं नव्हतं. बापानंही नाही.

“मंगळवारी पोटातलं गेलं माह्या,” ती म्हणाली. “बुधवारी सासूनं त्याच पोटावर ओटी बांधली, कापूस वेचाले. म्हने, रिकामं पोट, आता वाकाले सोपं. नवरा बाजूले उभा. हसला. म्या कपाशीचं तास टोकापर्यंत संपवलं, ओटी सोडली, कापसासकट शेताच्या धुऱ्यावर ठेवली, अन् एस्टी धरली. जादूबिदू काही केली नाही.”

आतल्या दारात अपेक्षा उभी होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

निघताना मुलाच्या आईनं अपेक्षाची ओटी भरली. मग तांदळाची मूठ घेऊन ती गुंफाबाईसमोर उभी राहिली. “पदर धरा, बाई.”

गुंफाबाईनं खोचलेला पदर खोचलेलाच ठेवला.

“ओटी नको. ते सोडूनच आली म्या. चहा कसा झालता, ते सांगा.”

“गोड जास्त झालता.”

“मंग पुढच्या खेपेले साखर कमी टाकीन.”

ती बाई ‘हो’ म्हणाली नाही, ‘नाही’ म्हणाली नाही. मुठीतले तांदूळ तिनं आपल्या पिशवीत परत सोडले आणि पायऱ्या उतरली.

लीलाबाईनं त्या दिवशी अबोला धरला. पण भिंतींना कान नि इंदुताईला पाय असल्यानं दुपारपर्यंत सगळं गावभर झालं. संध्याकाळी गुंफाबाई नेहमीच्या वेळी ओसरीत आली. मागून अपेक्षाही आली आणि आत्याला खेटून बसली.

पडद्यावर धूम्राला साखळदंड पडले होते. राजपुत्रानं तलवार उपसली. बायांनी श्वास धरला, इंदुताईनं तोंड उघडलं, गुंफाबाईकडे पाहिलं आणि टीव्हीवरच ओरडली,

“अबे, पयले इचार ना तिले! काहून केलं त!”

राजपुत्रानं ऐकलं नाही. गुंफाबाईनं परात आपल्याकडे ओढली आणि शेंगा फोडायला घेतल्या.